मुसळाच्या पोटातला आवाज

आमच्या कारखान्याच्या दारात एक शहाबादी फरशी आहे. दीड हात लांब, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. तिच्यावर कुणी चप्पल काढायची नाही, चहाचा कप टेकवायचा नाही. तयार झालेली प्रत्येक मूठ या फरशीवर उभी धरायची, चार बोटं उंचावरून अलगद सोडायची, तळ टेकला की लगेच पकडायची आणि ऐकायचं. सात वर्षं मी तिथे काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं माझं मुख्य काम हे ऐकण्याचंच होतं. मधे काही महिने ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं. ते का, हे लिहायला बसले आहे.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील धुळ्यात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतात, आई उन्हाळ्यात लोकांचे बिबडे-पापड करून देते. आमच्या मराठीच्या मॅडमनी विचारलं, दिवाळी अंकाला कामाबद्दल काही लिहिशील का. मी म्हटलं, माझं काम सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. त्या म्हणाल्या, मग तेच लिही.

आमच्याकडे पूल खेळायच्या काठ्या होतात. हिरव्या कापडाच्या टेबलावर रंगीत चेंडू ज्या काठीने ढकलतात, ती. जळगावात, धुळ्यात, हायवेवरच्या गावांतसुद्धा आता असे पार्लर आहेत. काठी दोन तुकड्यांची असते. पुढचा भाग बारीक, चेंडूला लागणारा. मागचा जाड, हातात धरायचा. त्याला आम्ही मूठ म्हणतो. ही मूठ सुमारे अडीच फूट लांब असते आणि काठीच्या मधोमध असलेल्या स्क्रूने पुढच्या भागाला जोडली जाते. पुढचे भाग आम्ही बाहेरून मागवतो. मुठी मात्र आमच्या.

आमच्या म्हणजे याकूबचाचांच्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या खराद, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातायचं यंत्र, चालत आला. पाळण्याचे दांडे, खाटेचे पाय, लाटणी. प्लास्टिकचे पाळणे आले, खाटा लोखंडी झाल्या, आणि खराद नुसता फिरायला लागला. मग कुणीतरी पार्लरची एक वाकलेली काठी घेऊन आलं आणि म्हणालं, चाचा, हिच्यासारखी करता येईल का? चाचांनी ती उभी चिरून आत पाहिली. आत वेगळंच लाकूड होतं. बाहेर गडद, आत फिकट, जणू एका काठीने दुसरी गिळली आहे. तिथून हे सगळं सुरू झालं.

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की चांगल्या लाकडाच्या पोटात दुसरं लाकूड कशाला. कारण दिसायला देखणं लाकूड बहुधा स्वभावाने वाकडं असतं. आपल्याकडचं अंजन घ्या. सातपुड्यात, आपल्या माळांवर होतं. रंग काळसर लाल, घट्ट इतकं की खिळा वाकतो. पण जड, आणि हवा बदलली की अंग मुरडणारं. अख्ख्या अंजनाची मूठ केली तर खेळणाऱ्याचा हात दुखेल आणि वर्षभरात काठी डोळ्यांना दिसेल इतकी वाकेल. म्हणून तिच्यात आरपार पाच सूत, म्हणजे पाऊण इंचाहून थोडं कमी, भोक पाडायचं आणि त्यात सरळ रेषांच्या मेपलची, म्हणजे फिकट विलायती लाकडाची, दांडी गोंदाने बसवायची. बाहेरचं लाकूड हाताला, आतलं लाकूड सरळपणाला.

भोक पाडणं हे चाचांचं काम. ड्रिलचं लांब बिट बोटभर आत घालायचं, बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, परत घालायचं. घाई केली की बिट तापतं आणि वाट सोडतं. दांडी भरणं हे माझं काम. दांडी भोकापेक्षा केसभर बारीक ठेवायची आणि तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक खाच काढायची. गोंद दोन डब्यांचा, एक राळ आणि एक हार्डनर, दोन्ही काट्यावर तोलून कालवायचे. दांडी आत सरकवताना हवा आणि जास्तीचा गोंद त्या खाचेतून पुढे पळतो. दुसऱ्या तोंडातून गोंद बाहेर आला की समजायचं, पोट भरलं. कुठे हवा अडकली तर तिथे पोकळी राहते, आणि पोकळी राहिली की मूठ बोलते. फार बारीक बोलते, दूरच्या खोलीत बांगडी किणकिणल्यासारखी. फरशीवर आम्ही ऐकतो ते हेच.

चाचांनी मला कामावर घेतलं ते बिबड्यांमुळे. आई त्यांच्या घरी बिबडे द्यायची, मी सोबत असायचे. बारावी झाली होती आणि पुढे काहीच होत नव्हतं. चाचांनी सहज विचारलं, पोरी, बिबड्याचं पीठ शिजलं हे कसं कळतं? मी म्हटलं, पळीला चिकटायचं थांबतं तेव्हा. ते म्हणाले, उद्यापासून ये. ओढणी घरी ठेवून ये, खरादात अडकते.

ऐकण्याचं काम मला दोन वर्षांनी मिळालं. जळगावच्या एका पार्लरमधून एकाच आठवड्यात दोन मुठी परत आल्या. दोन्ही चाचांनी स्वतः ऐकून दिलेल्या. त्यांनी त्या फरशीवर पुन्हा सोडल्या, पुन्हा, पुन्हा, आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुला येतो आवाज?"

"येतो."

"कसा?"

"बारीक. चिरका."

 चाळीस वर्षं खरादाशेजारी काढलेल्या माणसाचे जाड आवाज राहतात, बारीक निघून जातात. तोंडासमोर बोललेलं त्यांना सगळं कळायचं, ही किणकिण मात्र येत नव्हती. शेवटी म्हणाले, "आजपासून कान तुझा." त्यानंतर प्रत्येक मूठ ते फरशीवर सोडायचे आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "काय म्हणते?" मी "बरोबर" म्हटलं की मूठ गिऱ्हाइकाकडे. मी "आहे" म्हटलं की आरी, म्हणजे मूठ कापून मोडीत. त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एरंडोलचा एक मुलगा पद्मालयाच्या गणपतीचा शेंदूर पुडीत बांधून घेऊन आला. पुडी भोकात ठेवून वरून गोंद भरा, म्हणजे नेम चुकणार नाही, असं त्याचं म्हणणं. चाचा म्हणाले, "बाप्पाला अंधारात कशाला कोंडतोस, भाऊ? खिशात ठेव. तिथून त्यांना टेबल तरी दिसेल." मुलगा हसला पण हटेना. मग चाचांनी त्याला खरं सांगितलं की आत कागद गेला तर तिथे पोकळी राहील आणि मूठ कुरकुरेल. तेव्हा पटलं. पुडी खिशात गेली. तो पुढे जिंकला की नाही ते कळलं नाही, पण मूठ परत आली नाही.

आणि मग अक्का आल्या.

अक्का शिंदखेड्याकडच्या एका गावातून एसटीने आल्या होत्या. सोबत मुलगी पूजा, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं लांब काहीतरी. लुगडं सोडलं तर मुसळ. अंजनाचं, खालच्या टोकाला लोखंडी कडं, मधे हात लागून लागून बारीक आणि चकचकीत झालेलं.

"कंडक्टर इचारे, अक्का, कोणले मारायले निंघन्यात?" अक्का स्वतःच हसल्या. "मी सांगं, मनी पोरले काठी करनी शे."

पूजा जळगावात शिकत होती आणि तिथल्या पार्लरमध्ये पूल खेळायला शिकली होती. बरीच पुढे गेली होती. जिल्ह्यातून निवड झाली होती, पण काठी दर वेळी दुसऱ्याची. ती थोडी लाजत म्हणाली, "मी आईला सांगितलं, तयार मिळते. ती ऐकत नाही."

चाचांनी मुसळ हातात घेऊन फिरवलं. "अक्का, घरातली वस्तू आहे. खराद लावला की परत मुसळ होणार नाही. विचार करा."

"करा इचार," अक्का म्हणाल्या, म्हणजे विचार करून झाला होता. "उखळ फुटनं, मिक्सर वना. बठ्ठा दिन दारना मांगे उभं ऱ्हास. आमनी गल्लीमा जितला लगीन व्हयनात, तितलास्नी हळद येनीच कुटी. आते तेले काम द्या." गल्लीतल्या सगळ्या लग्नांची हळद याच मुसळाने कुटली होती.

काम कसं होतं हे चाचांनी समजावून सांगितलं. मधून भोक, आत दुसरं लाकूड. अक्कांचा चेहरा उतरला.

"आतलं बठ्ठं काढी टाकशात? मंग मुसळनं काय ऱ्हायनं?"

चाचा म्हणाले, "अक्का, हात तर बाहेरूनच लागतो ना."

अक्कांनी मुसळाच्या मधल्या बारीक भागावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हां. ते बी शे." निघताना मात्र त्यांनी बजावलं की आतून निघेल तो भुसा फेकायचा नाही, त्या घेऊन जातील.

मी हे सगळं ऐकत होते आणि एकच गोष्ट डोक्यात होती. बाजारातलं लाकूड बिघडलं तर दुसरं आणता येतं. मुसळ एकच होतं.

चाचांनी कडं काढलं, तुकडा कापला, खरादावर चढवला. पहिला थर निघाला तेव्हा मला हळदीचा वास आला. मी तसं म्हटलं तर चाचा म्हणाले, अंजनाचा वासच तसा असतो. असेल. दोन दिवस ते एकाच भोकावर होते. आरपार झालं तेव्हा त्यांनी मूठ डोळ्याला लावून दाराकडे पाहिलं, मलाही पाहायला दिलं. आत गुळगुळीत अंधार आणि शेवटी प्रकाशाचा नाण्याएवढा गोल. भुसा मी पिशवीत भरून ठेवला, गडद लाल, ओंजळभरच.

चाचा म्हणाले, "मी उद्या जळगावला दांड्या आणायला जातो आहे. तू हिला सकाळी सातच्या आत भर. पोट उघडं ठेवायचं नाही."

हे सात वाजण्याचं मला समजावून सांगितलं पाहिजे. आमचा कारखाना पत्र्याचा. जून लागला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. डब्यावर लिहिलेलं असतं की गोंद कालवल्यावर तासभर सावकाश काम करा. डबा बनवणाऱ्याने धुळ्याचा उन्हाळा पाहिलेला नसतो. आमच्याकडे दुपारी तोच गोंद दहा मिनिटांत दगड होतो. म्हणून उन्हाळ्यात गोंदाचं सगळं काम पहाटे. चाचा म्हणायचे, ऊन अंगणात आलं की डब्याला झाकण.

चाचा जळगावला गेले त्याच दिवशी कॉलेजात प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस होता. पाच वर्षांनी मी पुन्हा शिकायचं ठरवलं होतं. घरात कुणाला फारसं कळत नव्हतं, पण वडिलांनी एवढंच म्हटलं होतं, "भर फारम." मी पहाटे सहाला रांगेत उभी राहिले. वाटलं होतं नंबर लावून साडेसहाला मोकळी होईन. पण रांग सोडता येईना, आणि खिडकी दहाला उघडली. बाराला माझा नंबर आला आणि एक कागद कमी निघाला. तो जोडून तीनच्या आत परत या, असं सांगितलं. कागद घरी होता. वाटेत कारखाना.

आत शिरले तर मूठ टेबलावर, दोन्ही तोंडं उघडी. चाचांचं वाक्य आठवलं. पोट उघडं ठेवायचं नाही. एक दिवस उघडं राहिलं असतं तर काहीही झालं नसतं, हे आज कळतं. एका फडक्यात गुंडाळून ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण तेव्हा मला दोन्ही हवं होतं, सांगितलेलं कामही आणि अर्जही. मी पत्र्याखाली, भर दुपारी, गोंद कालवला. तोही सगळा एकदम, एका वाटीत. गोंद जितका जास्त एकत्र, तितका तो स्वतःच तापतो, हे मला माहीत होतं.

दांडी निम्मी सहज गेली. मग जड झाली. मी गोल फिरवत दाबली, थोडी सरकली. वाटी हाताला चटका देऊ लागली होती. मी लाकडी हातोडी घेतली. दोन ठोक्यांत दोन बोटं आत गेली आणि तिसऱ्याला थांबली, ती कायमची. मागच्या बाजूला दांडी चार बोटं बाहेर, पुढच्या तोंडात चार बोटं पोकळ. आणि पुढचं तोंड म्हणजे जिथे स्क्रू बसतो, दोन्ही तुकडे जोडले जातात, प्रत्येक फटक्याचा धक्का जिथून जातो ते.

मी रडले नाही. घड्याळ पाहिलं. बाहेर राहिलेली दांडी आरीने कापली, तोच तुकडा वाटीत उरलेल्या गोंदात बुडवून पुढच्या तोंडात ठोकला. गोंद काकवीसारखा घट्ट झाला होता. खाचेतून काही बाहेर आलं नाही. हवाही नाही. ओल्या फडक्याने तोंड पुसलं. दोन्ही बाजूंनी बघितलं तर गडद गोलात फिकट गोल, कुठे काही कळत नव्हतं. पावणेतीनला मी खिडकीवर होते. अर्ज भरला गेला.

मूठ एकदा भरली की आम्ही तिला लगेच हात लावत नाही. टांगून ठेवतो, आठ-दहा दिवसांनी खरादावर थोडी कातून बारीक करतो, परत टांगतो. त्या सगळ्या दिवसांत मी रोज ठरवत होते की आज सांगायचं. चाचा जळगावहून दांड्या आणि माझ्यासाठी केळ्याचे वेफर्स घेऊन आले होते. "झालं का फारम?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बढिया," ते म्हणाले आणि शेजारच्या सायकलवाल्या नाना मिस्त्रींना ओरडून सांगितलं, "नाना, आमची ज्योती कॉलेजात गेली!" त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं.

मग फरशीचा दिवस आला. चाचांनी मूठ सोडली. ठण्ण, आणि त्याच्या मागे, अगदी मागे, ती किणकिण. मला इतकी स्पष्ट ऐकू आली की वाटलं रस्त्यावरही गेली असेल.

"काय म्हणते?"

"बरोबर आहे, चाचा."

मूठ बाजूला गेली. एवढंच. मी खूपदा विचार केला आहे की मी तसं का म्हटलं. मला भीती त्यांच्या रागाची नव्हती. मुसळ वाया गेलं हे कळल्यावर अक्कांचा चेहरा कसा होईल, ती होती. आणि हेही खरं की त्या गोष्टीला माझा अर्ज चिकटला होता. मुसळ बिघडलं असं म्हटलं असतं तर मला वाटलं असतं की कॉलेजही बिघडलं.

अक्का येऊन काठी घेऊन गेल्या. लोखंडी कडं आणि भुशाची पिशवीही नेली. पूजाने फरशीजवळ उभं राहून हवेतच एक फटका मारून पाहिला आणि आईकडे बघून हसली. माझं कॉलेज सुरू झालं. सकाळी वर्ग, दुपारी कारखाना.

दिवाळीनंतर पूजा एकटीच आली. काठीचं चामडी टोक झिजलं होतं, ते बदलायला. ती खूश होती. दोन ठिकाणी जिंकली होती. राज्याच्या स्पर्धेला पंधरा दिवस होते.

"चाचा, एक गंमत सांगू? ही काठी बोलते," ती म्हणाली. "जोरात मारलं की आतून बारीक आवाज येतो. आधी नव्हता इतका, आता येतो. मी आईला ऐकवला. आई म्हणते, मुसळाचं कडं आहे ते. कडं काढलं तरी आवाज आत राहिला. आता गल्लीतल्या बायका येतात ऐकायला."

चाचांनी टोक लावता लावता हात थांबवला. मग काठी उघडून मूठ घेतली, फरशीजवळ गेले, सोडली. पुन्हा सोडली. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणते?"

मला पळायला जागा होती. पूजाने स्वतःच ती करून दिली होती. मुसळाचं कडं बोलतं, अक्का खूश, गल्ली खूश. पण तिने मधेच म्हटलेलं एक वाक्य माझ्या कानात राहिलं होतं. आधी नव्हता इतका. म्हणजे तुकडा सुटत चालला होता. कधीतरी, नेमक्या मोठ्या फटक्याला, स्क्रूसकट बाहेर येणार होता.

"चाचा," मी म्हटलं, "तो आवाज मुसळाचा नाही. माझा आहे."

मग सगळं सांगितलं. दुपार, वाटी, हातोडी, चार बोटं. पूजा एकदा माझ्याकडे, एकदा चाचांकडे बघत होती. चाचांनी खराद बंद केला. 

"आणि फरशीवर?" त्यांनी विचारलं. "तेव्हा ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. पूजाकडे वळून ते म्हणाले, "बेटी, काठी ठेवून जा. स्पर्धेच्या आधी मिळेल." पूजा घाबरत म्हणाली, "पण आवाज..." चाचा म्हणाले, "आवाज जाईल. राहिला तर काठी जाईल."

पुढचं तोंड त्यांनी पुन्हा खरादावर धरलं. माझा तुकडा भोकातून भुसा होऊन निघाला. मग पोकळी, मग घट्ट झालेला पिवळा गोंद, मग जुनी दांडी. ती चांगली वीतभर आतपर्यंत काढली, म्हणजे नवा जोड स्क्रूपासून लांब जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नवी दांडी त्यांनी स्वतः भरली. मी फक्त वाटी धरली. खाचेतून गोंद उलटा तोंडाशी आला, बुडबुड्यांसकट, सगळा. त्यांनी बोटाने तो पुसला आणि फडकं माझ्या हातात दिलं. 

मूठ न्यायला अक्का आणि पूजा दोघी आल्या. आमच्याकडे मूठ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी फरशीवर जाते. चाचांनी ती सोडली आणि पूजाला विचारलं, "काय म्हणते?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला विचारलं नव्हतं.

पूजाने कान दिला. "काही नाही," ती म्हणाली. "नुसता ठण्ण." तिने स्वतः एकदा सोडून पाहिली. चेहऱ्यावर आनंद नव्हता. मलाही ऐकू आलं होतं. मूठ भरीव होती, घट्ट, एक अक्षर जास्तीचं न बोलणारी. आम्हाला हवी तशी.

"मुसळ मुकं व्हई गयं," अक्का म्हणाल्या.

मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात धरला; मी सांगून टाकलं यातच त्यांचं समाधान होतं. "तू सांगं ना पोरी. काबर रडस? मुकं बरं. तुटेल नको." आणि मग पूजाला, "चाल, एसटी जाई."

त्यांनी असं म्हटलं तरी माझ्या मनातून ते गेलं नाही. गल्लीतल्या बायका जे ऐकायला यायच्या ते मी खोटं बोलून दिलं होतं आणि खरं बोलून काढून घेतलं.

त्यानंतर ऐकण्याचं काम नाना मिस्त्रींकडे गेलं. चाचा मूठ सोडायचे आणि शेजारून नानांना हाक मारायचे. नाना हात पुसत यायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "एक नंबर वाजते, भाऊ!" जी मूठ जास्त वाजायची तिला तर ते दोन वेळा एक नंबर म्हणायचे. चाचा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. मी मागे टेबलावर गोंद तोलत असायचे. दोनदा मला मागूनच किणकिण ऐकू आली आणि मी उठून म्हटलं, "चाचा, तिच्यात आहे." चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्या दोन्ही मुठी गिऱ्हाइकाकडे गेल्या नाहीत. खुंटीवर राहिल्या. नानांना त्यांनी तसं सांगितलं नाही, नाना दुखावले असते.

माझं पहिलं वर्ष संपलं. निकाल लागला, पास झाले. पेढे घेऊन कारखान्यात गेले तेव्हा चाचांनी एक खाल्ला, एक नानांना नेऊन दिला आणि कामाला लागले. शिसवीची एक मूठ होती, सुरतच्या ऑर्डरची, दुपारच्या ट्रान्सपोर्टने जायची. चाचांनी ती फरशीवर उभी धरली. नाना पेढा खात दुकानातच होते, हाकेच्या अंतरावर. चाचांनी हाक मारली नाही. मूठ सोडली, पकडली आणि फरशीकडे बघत विचारलं,

"काय म्हणते?"

मला क्षणभर वाटलं दुसरं कुणी आत आलं आहे. कुणी नव्हतं.

"परत सोडा," मी म्हटलं.

त्यांनी सोडली.

"आणखी एकदा."

बाहेर रिक्षा गेली, ती जाईपर्यंत थांबलो. तिसऱ्यांदा मी खाली वाकून, जवळजवळ फरशीला कान लावून ऐकलं. असेल-नसेल इतकं होतं. सुरतपर्यंत कुणाला कळलं नसतं.

"आहे," मी म्हटलं. "तळाकडे. फार बारीक आहे, पण आहे."

"कुणी भरली होती ही?"

"मीच."

चाचांनी मूठ उलटी करून तळ पाहिला, अंगठ्याने चाचपला. मग माझ्या हातात दिली.

"मग उभी काय राहिलीस," ते म्हणाले. "आरी आण."